नॉर्मलसाहेबांचं रक्त

आमच्या लॅबमध्ये नवं मशीन आलं की पहिला बळी स्टाफचा. निरोगी रक्त कसं असतं ते मशीनला दाखवावं लागतं, आणि फुकटचं निरोगी रक्त आमच्याशिवाय कुणाकडे मिळणार? त्यात पहिला मान साहेबांचा. साहेब म्हणजे लॅबचे प्रमुख डॉक्टर. रोज पोहणारे, दोन-दोन पायऱ्या एकदम चढणारे आणि लिफ्टने जाणाऱ्यांची कीव करणारे. म्हणून पाठीमागे आम्ही त्यांना नॉर्मलसाहेब म्हणतो. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही.

त्या दिवशी आलेलं मशीन ट्रोपोनिन मोजणारं होतं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे प्रथिन रक्तात उतरतं. आकडा चौदाच्या आत असला तर ठीक, वर गेला की सगळ्यांची धावपळ. आम्ही पाच जणांनी बाह्या वर केल्या. चौघांचे आकडे चौदाच्या आत आले. साहेबांचा आला एकसष्ट.

"मशीन खोटं बोलतंय," साहेब म्हणाले.

आम्ही माना डोलावल्या, मी तर सगळ्यात आधी. साहेबच नॉर्मल म्हटल्यावर चूक मशीनचीच असणार. ते बसवायला आलेले टकले इंजिनिअर आयतेच हाताशी होते. साहेबांनी त्यांना असं धारेवर धरलं की बिचाऱ्यांनी मशीनच्या वतीने माफी मागितली. मग रसायन बदललं. ज्यांचा आकडा आधीच ठाऊक असतो असे नमुने लावले, ते तंतोतंत आले. शेवटी साहेबांचं रक्त जुन्या मशीनवर लावलं. तेही तेच म्हणालं.

"दोन्ही एकाच माळेचे मणी," साहेब म्हणाले आणि ढेकर देत सोड्याची आणखी एक बाटली उघडली. सकाळपासून पित्त झालंय म्हणत होते. डावा हात चोळत होते, तो म्हणे पोहताना आखडला होता.

माझ्या मनात पाल चुकचुकली. हीच जळजळ आणि हाच हात एखाद्या आजोबांनी सांगितला असता, तर साहेबांनी अख्खा वॉर्ड डोक्यावर घेतला असता. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी?

"साहेब, पुन्हा एकदा रक्त द्या," मी म्हणाले. "मशीन भरकटतंय हे पुराव्यानिशी दाखवून देऊ."

आपलंच म्हणणं खरं ठरणार म्हटल्यावर साहेबांनी दोन्ही हात पुढे केले.

दुसरा आकडा आला एकशे अठ्ठेचाळीस. बाकीच्यांचं रक्तही मी मुद्दाम पुन्हा लावलं, त्यांचे आकडे जागचे हलले नाहीत. एका आकड्यावर जाऊ नका, चढतोय का ते बघा, हे साहेबांनीच आमच्याकडून घोकून घेतलेलं. मी कागद त्यांच्यापुढे ठेवला.

"म्हटलं नव्हतं? आकडा स्थिरच नाही. घेऊन जा हे डबडं," ते इंजिनिअरना म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि एसी इतका गार की मी स्वेटर घालून बसले होते.

मला भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. मी बाहेर जाऊन तातडीच्या विभागात नणंदेला फोन लावला. ती तिथली सिस्टर. एरवी आमचं विळ्याभोपळ्याचं सख्य, पण तिच्यापुढे भले भले मुकाट पलंगावर आडवे होतात. तिने सगळं ऐकून घेतलं.

"वहिनी, आता तुम्ही फोन ठेवा," ती म्हणाली. "आणि चाकांची खुर्ची दाराशी आणून ठेवा."

मी खुर्ची आणेपर्यंत साहेबांच्या टेबलावरचा फोन वाजला. साहेब नेहमी स्पीकरवर बोलतात, त्यामुळे सगळ्या लॅबने ऐकलं.

"सर, एक पेशंट आहे," नणंद म्हणाली. "वय पन्नाशीचं. छातीत जळजळ, डावा हात दुखतोय, घाम सुटलाय. ट्रोपोनिन दुपटीहून वर चढलंय. पण तो म्हणतो पित्त आहे आणि मशीन खराब आहे. घरी सोडू का?"

"डोकं फिरलंय का तुमचं? आणि मशीनला नावं ठेवणारा हा कोण टिकोजीराव? आधी त्याला आडवं करा, हार्टच्या डॉक्टरांना बोलवा. आहे कुठे तो गाढव?"

"तुमच्याच खुर्चीत, सर."

साहेबांनी सोड्याची बाटली टेबलावर ठेवली. माझ्याकडे बघितलं.

"मशीन बरोबर आहे?" त्यांनी विचारलं. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"बरोबर आहे, साहेब."

ते उठले आणि मुकाट्याने चाकांच्या खुर्चीत जाऊन बसले. इंजिनिअरांनीच ती ढकलत वर नेली.

मग नुसतं वाट बघणं. वरून निरोप येईना, नणंद फोन उचलेना. इंजिनिअर परत आले, त्यांचं काम कधीच संपलं होतं, तरी ते जाईनात. साहेब खडूस आहेत, हेकट आहेत, पण त्यांच्याशिवाय ती लॅब मला खायला उठली.

संध्याकाळी वरून नमुन्यांचा ट्रे आला. त्यातल्या एका नळीवर साहेबांचं नाव होतं. मी ती मशीनला लावली. आकडा हजारांच्या घरात गेला. हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी उघडली की तो आधी असाच उसळतो, हे मला पाठ होतं. तरी मी तो वाचला आणि हमसून हमसून रडायला लागले.

"इतका वाईट आहे का हो, ताई?" इंजिनिअरांनी घाबरून विचारलं.

"असू दे वाईट," मी डोळे पुसत म्हणाले. "मेलेल्या माणसाचं रक्त कुणी तपासायला पाठवत नाही."