बिल का उतरलं नाही

आमचा फ्रिज सत्तावीस वर्षांचा झाला होता. नवा घ्यायचा हट्ट माझा. माझा नवरा हाउके म्हणायचा, "चालतोय ना? मग चालू दे." शेवटी मी विजेचा वापर मोजणारं यंत्र मागून आणून आठवडाभर लावलं. जुना वर्षाला चारशेच्या वर युनिट खात होता, नव्याला सव्वाशे पुरली असती. पाच वर्षांत किंमत वसूल, हे त्याला कागदावर मांडून दाखवलं. नवा आला. जुना भंगारात टाकतो म्हणून हाउकेच घेऊन गेला.

वर्षाने बिल आलं ते वाढूनच. दर तोच, युनिट जास्त.

"झाली तुझी बचत?" हाउके म्हणाला, पण नेहमीसारखा हसला नाही. मी आकडे पुन्हा बघू लागले तर म्हणाला, "ठेव गं. भरून टाकू. कशाला उकरत बसतेस?"

चालू राहिलेल्या एका दिव्यावरून मुलींना फैलावर घेणारा हा माणूस! माझ्या मनात पाल चुकचुकली.

शनिवारी तो ब्रेमरहाफेनच्या बंदरात पाळीवर गेला. कंटेनर उचलणारी क्रेन चालवायचा तो. मी घरातला एकूण एक प्लग काढला, नव्या फ्रिजचासुद्धा, आणि तळघरात मीटर बघायला उतरले. चकती फिरतच होती.

आमच्या अडगळीच्या खोलीतून घरघर ऐकू आली. रंगाचे डबे, जुनी गादी बाजूला केली. मागे आमचाच जुना फ्रिज. आत बिअर असणार, म्हणून शिव्या तोंडात तयार ठेवूनच दार उघडलं. आत इन्सुलिनची खोकी होती. वर हाउकेचं नाव.

तीन वाजता तो आला. मी एक खोकं टेबलावर ठेवलं होतं. जाकीट न काढताच तो उभा राहिला.

"कोणाला सांगितलंस?"

"मलाच आत्ता कळलंय! तू का नाही सांगितलंस?"

"कंपनीच्या डॉक्टरला कळलं तर क्रेनवरून उतरवतील, इम्के. बावन्नाव्या वर्षी मला दारात कोण उभं करणार?"

"वर क्रेनमध्ये असताना कधी चक्कर आली?"

तो खिडकीबाहेर बघू लागला.

"हाउके, आली का?"

"एकदा. नोव्हेंबरात. घाम फुटला, हात थरथरायला लागले. कंटेनर तसाच हवेत थांबवला आणि साखर खाल्ली."

"खाली कोण होतं?"

त्याने जाकीट काढून खुर्चीवर टाकलं. मग म्हणाला, "योर्न."

योर्न माझा धाकटा भाऊ, त्याच बंदरात कामाला. खोकं त्याच्यापुढे सरकवून मी म्हणाले, "सोमवारी कंपनीच्या डॉक्टरकडे जा. तू नाही गेलास तर मी जाईन."

"माझ्या पोटावर पाय देशील?"

"देईन."

सोमवारी चहा न घेताच तो निघाला. तो कुठे जातोय हे मला माहीत नव्हतं, आणि विचारायचं धाडसही झालं नाही. दुपारी फोन आला. "सांगितलं," एवढंच म्हणाला.

क्रेन गेली. आता तो आवारातल्या कार्यालयात कंटेनरांच्या जागा ठरवतो. पगार बराच कमी आहे. जुना फ्रिज मी स्वतः उभी राहून उचलायला लावला, आणि यंदा बिल खरंच उतरलं. ते त्याच्यासमोर धरायची मात्र मला हिंमत झाली नाही.

योर्नला त्याने स्वतःच सांगितलं. योर्न महिनाभर आमच्याकडे फिरकला नाही. मग एका रविवारी केक घेऊन आला. हाउकेने सवयीने एक तुकडा उचलला, मग योर्नकडे बघून अर्धा परत ठेवला.