राकेलच्या उजेडाला आलेले

आमच्या माजिवड्यात राकेल आलं आणि मेली सगळ्यांची संध्याकाळच लांबली. दिवेलागणीनंतरही बायका दळण निवडू लागल्या, रिकाम्या डब्यांच्या बादल्या झाल्या. मलाही कौतुक होतं, खोटं कशाला बोलू? पण गेलेल्याच्या दिव्यात ते घालायचं नसतं, हेही का कुणाला सांगावं लागतं?

माझा धाकटा दीर पंढरी मिठागराचा बांध बुजवताना खाडीत गेला. अंगही सापडलं नाही. आपल्यात दहाव्यापर्यंत घरात दिवा ठेवतात, शेजारी तांदळाचं पीठ पसरून टोपली झाकतात. पिठात पाऊल उमटलं, की माणूस घरी येऊन गेला म्हणायचं. पंढरीचं पाऊल तर लगेच ओळखू आलं असतं. मिठाने सडून त्याच्या डाव्या पायाची करंगळी गेली होती.

पीठ रोज कोरंच राहायचं. त्याची बायको तुळसा, माझी जाऊ, पार खचली. करंजेलाचा मिणमिणता दिवा खाडीतून कसा दिसणार, म्हणत तिने राकेलची बत्ती लावली आणि दार उघडं ठेवलं. ते तेल जमिनीच्या पोटातलं, त्याच्या उजेडाला कोण कोण उठून येईल, असं मी परोपरीने सांगितलं. ऐकते कसली!

सकाळी टोपलीखाली ओलं डावं पाऊल. तुळसा रडत खाली बसली आणि बोटं मोजू लागली. त्या पावलाची पाचही बोटं शाबूत होती.

मग तिने घरभर पीठ पसरलं. रोज पावलं वाढत गेली. बायकांची, म्हाताऱ्यांची, एक तर तान्ह्या पोराचं. सगळी बत्तीकडे तोंड करून, माघारी एकही नाही. घराला खाडीच्या चिखलाचा वास येऊ लागला. मी हातापाया पडले, विझव म्हटलं. "विझवल्यावर धनी कसे येतील, गोदाबाय?" एवढंच ती बोलली.

दहाव्याच्या सकाळी मी गेले, तर आत पाऊल ठेवायला जागा नव्हती. आणि उंबरठ्याबाहेर, सांडलेल्या पिठात, दोन पावलं घराकडे तोंड करून उभी. डाव्याला करंगळी नव्हती. बिचारा स्वतःच्याच दारात ताटकळला होता. मला रडूच फुटलं.

तुळसा रडली नाही. आत बघून ती हळूच म्हणाली, "जरा सरा रे. धनी बाहेर उभे आहेत."

वारा नव्हता, माझ्या गळ्याची शपथ. उंबरठ्यापासून बत्तीपर्यंतचे ठसे पुसत गेले, आणि त्या मोकळ्या पिठात एक डावं पाऊल उमटलं. त्याला चारच बोटं होती.