आत्याई

मनवा बोलायला लागल्यापासून ती ज्याला जे म्हणेल ते आमच्या घरात होतं. कंगव्याला ती केसझाडू म्हणाली, तर दुसऱ्या दिवशी तो लांब दांड्यासकट कोपऱ्यात उभा. मोज्यांना पायटोप्या म्हणाली. तेव्हापासून देवापुढे दिवा लावला की मोजे आपणहून माझ्या भावाच्या पायांत चढतात, कारण देवापुढे बोडक्याने उभं राहायचं नसतं. दादाला याचं काही वाटत नाही. पण बार्शीच्या उन्हाळ्यात लोकरीचे मोजे म्हणजे काय चेष्टा आहे?

मला ती आत्याई म्हणते. मी तिची आत्या, कुमुद. तोंडाने फटकळ, लहान मुलांना खेळवणं मला कधी जमलं नाही. वहिनी नर्स आहे. मनवा आठ महिन्यांची असताना वहिनीची नेमणूक मेळघाटात झाली आणि पोर माझ्याकडे आली. मग एक दिवस तिने मला आत्याई म्हणून हाक मारली आणि माझी मांडी वाढली. आता ती पाय पसरून अख्खी मावते. मला सहावारी साडी पुरेनाशी झाली आहे. खोटं कशाला सांगू, मला हे फार आवडतं.

आज दुपारी वहिनी कायमची परत आली. बदली झाली तिची. रिक्षातून उतरून बॅग घेऊन ती दाराशी आली, आणि दार वीतभर उंच, चार बोटं रुंद झालं. त्यातून तिचा चेहरा तेवढा दिसत होता.

"कुमुद, अगं हे काय?"

"मनवा तुला फोनबाई म्हणते," मी सांगितलं. रोज जेवताना ती वहिनीला फोनमध्येच बघते.

तेवढ्यात दादा रिक्षावाल्याचे पैसे देऊन आला आणि सरळ आत शिरला. त्याला ती बाबाच म्हणते, त्याच्यापुरतं दार नेहमीएवढंच होतं. त्याने चौकटीवर दोन गुद्दे घातले आणि सुताराचा नंबर शोधायला लागला.

"सुतार काय डोंबल करणार?" मी म्हणाले.

"तिला मला आई म्हणायला सांग ना," वहिनी बाहेरून म्हणाली.

सांगितलं. मनवाने मान हलवली. "आई इथे आहे," म्हणाली आणि माझ्या पोटावर बोट ठेवलं. घरात तो शब्द एकच होता आणि तो माझ्याकडे होता.

वहिनीचा चेहरा मधेच थिजायला लागला. तोंड अर्धं उघडं, डोळे मिटलेले. मग पुन्हा हलायचा. "मला फक्त तिला एकदा कडेवर..." एवढं ऐकू आलं आणि आवाज गेला. फट आणखी बारीक झाली.

मला राग आला. आधी वहिनीचाच. इतके दिवस कुठे होतीस बाई? मग माझाच. रानात दुसऱ्यांची बाळंतपणं करत होती बिचारी, आणि मी इथे हिला मांडीवर घेऊन बसले होते.

मी मनवाला जवळ ओढलं. "मला आत्या म्हण. नुसतं आत्या."

"का?"

"मी सांगते म्हणून."

"आत्याई."

"मनवा, आत्या."

"तू रडतेस?"

"कांदा चिरला मघाशी. म्हण बघू."

 मग ती म्हणाली, "आत्या." आणि पटकन तोंड मिटून घेतलं. उरलेलं 'आई' तिच्या गालात होतं, बोराएवढं. गिळून टाक म्हणाले असते तर तिने गिळलं असतं. माझं ऐकते ती. ते वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं, हेही सांगून टाकते.

मी तिला खाली ठेवलं आणि दाराकडे वळवलं. ती फुगलेला गाल सांभाळत चालत गेली. वहिनीने फटीतून कसाबसा हात आत घातला, मनगटापर्यंत, आणि तळवा तिच्या हनुवटीखाली धरला. पोराने काही तोंडात घातलं की कुठलीही बाई धरते तसा.

मनवाने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"दे," मी म्हणाले.

तिने आ केला.