मी यॉनजूच्या मांडीवरची शाल

मी शाल बोलतेय. शाल म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे सत्कार येईल, नारळ येईल, खांद्यावर पांघरून काढलेला फोटो येईल. तसलं भाग्य माझं नाही. मी मांडीवरची शाल. आखूड स्कर्ट घातलेली गायिका टीव्हीवर खुर्चीत बसली, की कुणीतरी लगबगीने येऊन तिच्या मांडीवर टाकतं ना, ती मी. आमच्या कोरियात, सोल शहरात, प्रत्येक स्टुडिओत माझ्यासारख्या शाली घडी घालून ठेवलेल्या असतात. आणि मी चिडलेली आहे, हे आधीच सांगून टाकते. गोड बोलणारी शाल हवी असेल तर दुसरीकडे बघा.

माझा जन्म देगूच्या गिरणीतला. रंग राखाडी, कडेला लाल शिवण. अंगात खरी लोकर थोडी आणि बाकी सगळा भेसळीचा धागा, पण ऊब देण्यात मी कधी चुकारपणा केला नाही. दोंगदेमुनच्या बाजारात मला गिल्जाताईने घेतलं. गिल्जाताई म्हणजे गाण्याच्या एका कंपनीत गायिकांचे कपडे शिवणारी बाई. पन्नाशीची, देवभोळी, तोंडाने तिखट. तिचे गुडघे दुखायचे.

"लहान आहे हो ही," दुकानदार म्हणाला, "मोठी दाखवू?"

"गुडघे झाकले की पुरे. मला काय लग्नात मिरवायचीय?"

मला वाटलं, चला, आपलं आयुष्य शिलाई मशीनपाशी, आल्याच्या चहाच्या वासात, दुखऱ्या गुडघ्यांवर सुखात जाणार. कसलं सुख अन् कसलं काय. तिथेच यॉनजू आली.

यॉनजू त्या कंपनीची गायिका. तेविशीतली, मोकपोची, हसली की नाकाला सुरकुत्या पडायच्या. तिचं नवं गाणं येणार होतं, त्याचा पोशाख गिल्जाताई शिवत होती. कंपनीचे मालक क्वाक साहेब आले, स्कर्टाकडे बघितलं आणि म्हणाले, "चार बोटं वर घ्या."

गिल्जाताईने चार बोटं वर घेतला. आतून काळी चड्डी शिवून टाकली, म्हणजे नाचताना काही दिसायला नको. साहेब पुन्हा आले. "अजून दोन बोटं." तिने अजून दोन बोटं कापला. मग टीव्हीवर मुलाखत ठरली, यॉनजू खुर्चीत बसली आणि हेच क्वाक साहेब कॅमेऱ्यामागून हातवारे करायला लागले. झाका, झाका, तिचे पाय झाका. घाईघाईत गिल्जाताईच्या गुडघ्यांवरून मला ओढलं आणि यॉनजूच्या मांडीवर टाकलं. त्या दिवसापासून मी तिची.

आता तुम्हीच सांगा. ज्या माणसाने कापड कापायला लावलं, तोच माणूस ते झाकायला मला पाठवतो. करून करून भागले अन् देवपूजेला लागले, तशातली गत. वर कौतुक कुणाचं, तर साहेबांचं. पोरीची किती काळजी घेतात म्हणे.

आणि ऊब? उघड्या मैदानावर कार्यक्रम असायचे, जानेवारीत, हान नदीवरून वारा सुटलेला. यॉनजूचे पाय जांभळे पडायचे, दात वाजायचे. तिची गायची वेळ आली की मॅनेजर पहिली मला हिसकावून घ्यायचा, कारण कॅमेरा सुरू होणार. आणि स्टुडिओत, जिथे दिव्यांच्या झोताखाली तिच्या पाठीवरून घाम ओघळायचा, तिथे मला मांडीवर दाबून बसवायचे. इतक्या वर्षांत तिला कुणी विचारलं नाही, थंडी वाजते का म्हणून. माझं काम ऊब देण्याचं, आणि नेमकं तेवढंच माझ्याकडून कुणाला नको होतं.

ज्या गाण्यामुळे ती घराघरांत पोचली, ते होतं संत्र्याचं गाणं. "सोल मला राजा, मी जेजूचं संत्रं, हळूच सोल." लिहिणारा साहेबांचा मित्र, माणूस नातवंडांचा आजोबा. प्रत्येक कडव्याला जाकीट खांद्यावरून घसरवायचं, ते त्या नाचाचं वैशिष्ट्य. गाणी तपासणाऱ्या टीव्हीच्या मंडळाने ते झटक्यात मंजूर केलं. फळाचं गाणं आहे, हरकत काय? बालवाडीच्या संमेलनातसुद्धा वाजलं. यॉनजूच्या आईने मोकपोच्या बाजारात आपल्या सुक्या मासळीच्या दुकानावर त्याचं पोस्टर लावलं.

यॉनजू ते गाणं वर्षानुवर्षं गायली. एकदा शिवणखोलीत मला अंगाभोवती गुंडाळून, रताळं खात बसली होती. म्हणाली, "ताई, ते गाताना मला काहीच वाटत नाही गं. लोक मला इतकी मादक म्हणतात, आणि मला आत काहीच होत नाही."

"बरंच आहे की," गिल्जाताई म्हणाली.

"बरं कसं? मी संत्रं आहे ना त्यात. संत्र्याला काय वाटणार? वाटतं ते खाणाऱ्याला."

"मग आखूड घालू नकोस. सांग साहेबांना."

"आखूडपणाशी माझं भांडणच नाही. मला आवडतात माझे पाय. पण किती दाखवायचे ते त्यांनी ठरवायचं, कधी झाकायचे तेही त्यांनीच. मग माझ्याकडे काय उरलं?"

गिल्जाताई दोऱ्याला गाठ मारत बसली. तिला हे असलं बोलणं आवडत नसे. पण पोरगी आवडत असे, म्हणून तिने आपल्या वाटचं रताळंही तिच्यापुढे सरकवलं.

तिशीला टेकल्यावर यॉनजू प्रेमात पडली. कुणाच्या ते मी सांगणार नाही, तो तिचा प्रश्न. त्या हिवाळ्यात तिने स्वतःचं गाणं लिहिलं, शिवणखोलीतच, मला पायांवर घेऊन. एक बाई आहे. दिवसभर राबून घरी आलीय. तिचा माणूस लाजून दिवा मालवायला जातो, आणि ती म्हणते, "दिवा असू दे, मला तुला बघायचंय." बस, एवढंच. ना कुणी कुणाला सोलत, ना जाकीट घसरत. पण ती ओळ गुणगुणताना तिच्या मांड्यांची थरथर मला कळली. इतकी वर्षं मी तिच्या मांडीवर बसले, तेव्हा पहिल्यांदा कळलं की ही पोरगी गाताना जिवंत असते.

मंडळाने गाणं नामंजूर केलं. बाईची इच्छा फार उघडपणे मांडली आहे, असा शेरा आला. माझा तर तिळपापड झाला. सोल मला म्हटलं तर ते फळ, आणि बघायचंय म्हटलं की अश्लील?

क्वाक साहेबांनी यॉनजूला बोलावलं. थंडगार ऑफिस, मी तिच्या हातात.

"हे बघ बाळ, एका ओळीचा प्रश्न आहे. 'दिवा मालव, मला लाज वाटते' असं म्हण. चालीत बसतं, मी म्हणून बघितलंय."

"पण साहेब, तिला लाज वाटत नाहीये. तेच तर गाणं आहे."

"बायकांनी असं उघड बोलायचं नसतं गं. सुचवायचं असतं."

"संत्रं सोल, हे सुचवणं?"

"ते फळ आहे."

"मग दिवा काय आहे?"

साहेब हसले. "ओळ बदल, गाणं आणतो. नाहीतर करार संपेपर्यंत संत्रं गा. तुझी मर्जी."

मर्जी म्हणे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि वर विचारायचं, कुठल्या गालावर मारू? यॉनजूने रडणंभेकणं काही केलं नाही. गाणं मेलं तर कायमचं मरेल, हे तिला ठाऊक होतं. ती म्हणाली, "बदला." बदललेली ओळ ध्वनिमुद्रित झाली. टीव्हीवर गाण्याखाली उमटणाऱ्या अक्षरांत बदल झाला. त्या ओळीला रंगमंचावरचे दिवे विझवायचे, म्हणजे कसं लाजाळू लाजाळू दिसेल, असंही ठरलं.

एक गोष्ट मात्र राहून गेली. आमच्याकडे प्रेक्षक नुसत्या टाळ्या वाजवत नाहीत. गाण्यात कुठे काय ओरडायचं, ते कंपनीच आधी ठरवून देते, गायिकेच्या आवाजात पाठवते आणि चाहते ते पाठ करून येतात. या गाण्याचा घोष गाणं मंडळाकडे गेलं त्याच आठवड्यात पाठवला होता, मूळ ओळीसकट. गाणं बदललं, अक्षरं बदलली, दिवे बदलले. घोष बदलायचं ऑफिसात कुणाच्या डोक्यातच आलं नाही. हॉलमध्ये पोरी काय ओरडतात, याकडे तिथे कोण लक्ष देतो?

थेट प्रक्षेपणाच्या सकाळी आमची गाडी स्टुडिओच्या फाटकाशी आली. बाहेर चाहत्यांची रांग लागलेली. बहुतेक बायकाच, ऑफिसातल्या, कॉलेजातल्या, एक-दोन चांगल्या पोक्त, गाण्यात हलवायला कंपनी विकते ते छोटे दिवे हातात घेतलेले. त्या घोषाचा सराव करत होत्या. "दिवा असू दे, मला तुला बघायचंय." यॉनजू ताठ झाली. गिल्जाताईनेही ऐकलं. पुढच्या सीटवर मॅनेजर फोनवर बोलत होता. देवभोळ्या गिल्जाताईने, जिला ते गाणं अजिबात पसंत नव्हतं, खिडकीची काच वर केली.

"ताई," यॉनजू हळूच म्हणाली.

"वारा येतोय," गिल्जाताई म्हणाली.

कार्यक्रमात आधी गप्पा. थाक नावाचा सूत्रसंचालक, विनोदी म्हणून प्रसिद्ध, तिच्यासमोर पाय फाकून ऐसपैस बसलेला. त्याच्या मांडीवर कुणी शाल टाकली नव्हती, हे मी बघून ठेवलं.

"यॉनजूजी, नवं गाणं नंतर. आधी आमचं संत्रं. शाल बाजूला करा की जरा."

ती उठली. जाकीट घसरवलं. थाकने डोळे मोठे करून छातीला हात लावला, सगळे हसले. लगेच तो हात झटकत म्हणाला, "शाल घ्या, शाल घ्या, घरी लोकांच्या आया बघतायत." पुन्हा हशा. मला तेव्हा हात असते ना, तर मी त्याचंच तोंड झाकलं असतं.

मग तिचं गाणं. मी गिल्जाताईच्या हातात, पडद्याच्या कडेला. शेजारी क्वाक साहेब. ती ओळ आली. ठरल्याप्रमाणे दिवे विझले. आणि यॉनजूने तोंड मिटलं. बदललेली ओळ म्हटली नाही, मूळही म्हटली नाही. काळोखात नुसतं संगीत वाजत राहिलं.

आणि हॉल म्हणाला. एकदम, पाठ केलेलं, खणखणीत. "दिवा असू दे, मला तुला बघायचंय." शेकडो बायका. हातातले दिवे त्यांनी वर धरले, आणि त्या उजेडात यॉनजू सगळ्यांना दिसली, नाकाला सुरकुत्या पडलेली. गिल्जाताईने मला इतकं घट्ट धरलं की माझी शिवण उसवली. ती अजून तशीच आहे.

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ती आत येताच गरजले, "कुणी शिकवलं हे त्यांना?"

"तुमच्याच ऑफिसने."

"आणि तू?"

"मी तर काहीच म्हटलं नाही, साहेब," यॉनजू म्हणाली.

इथे थांबले असते तर गोष्ट गोड झाली असती. पण मी खोटं बोलणारी नाही. दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. आमच्या मुलींना बिघडवते म्हणून आयांचे, आमची यॉनजू अशी नव्हती म्हणून बाप्यांचे. मोकपोच्या दुकानावरचं पोस्टर तिच्या आईने उतरवलं. संत्र्याचं लावताना जिला लाज वाटली नव्हती, तिला आता वाटली. ते यॉनजूला सगळ्यात जास्त लागलं. गाणं कंपनीने मागे घेतलं. करार संपेपर्यंत तिला घरी बसवून ठेवलं, संत्रंही गाऊ दिलं नाही. शेवटी ती गेली. आता तळघरातल्या लहान हॉलमध्ये गाते, टीव्हीवर दिसत नाही. पण तिथे ती ओळ ती स्वतः म्हणते, असं गिल्जाताई सांगते. गिल्जाताई जाते ऐकायला, गुडघे दुखत असताना. अजूनही म्हणते की गाणं तिला आवडत नाही.

मी मात्र इथेच. यॉनजू जाताना गिल्जाताई मला तिला देत होती, तर मॅनेजर म्हणाला, शाल कंपनीची आहे. बाजारातून स्वतःच्या गुडघ्यांसाठी आणलेली शाल कंपनीची कधी झाली, देव जाणे.

संत्र्याचं गाणं आता नव्या मुलीला दिलंय. बोराम तिचं नाव, बावीस वर्षांची, आवाज चांगला आहे. स्कर्ट चार बोटं वर घेऊन झालाय. परवा तिची पहिली मुलाखत होती. दिव्यांखाली भट्टी पेटलेली, पोरीच्या कपाळावर घाम. कॅमेऱ्यामागून हातवारे सुरू झाले, झाका, झाका. गिल्जाताई मला घेऊन तिच्यापाशी गेली आणि मला हातातच धरून तिने विचारलं, "थंडी वाजतेय का गं तुला?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं. माझा ऊर भरून आला. बोरामने तोंड उघडलं, मग थांबली. आपल्याला थंडी वाजतेय की नाही, हे विचारायला तिने मॅनेजरकडे पाहिलं.

त्याने होकारार्थी मान हलवली, आणि मी तिच्या मांडीवर पडले. तेव्हापासून माझा राग काही जात नाही. तुमच्याकडेही कुणी ना कुणी अशी गात असेल, आणि तिच्या अंगावर टाकायला तुमच्याही हातात काहीतरी असेल. टाकण्याआधी तिला विचारा. आणि ती दुसऱ्या कुणाच्या तोंडाकडे बघायला लागली, तर माझ्यासारखीला तशीच घडी घालून ठेवून द्या.