तळघरातला ठेका

‘एक’ला हात वर गेले आणि ‘दोन’ म्हणेपर्यंत रेकॉर्ड ‘चार’च्याही पुढे निघून गेली. कन्याशाळेच्या मैदानावर पाचवी ते नववीच्या पोरी ओळीने उभ्या होत्या, प्रत्येकीच्या दोन्ही हातांत लाकडी डंबेल्स. पहिल्या ओळीने ठेका पकडायची धडपड केली, दुसरीने पहिलीकडे बघितलं, आणि मागच्या ओळींनी सरळ हसायलाच सुरुवात केली. एकीचं डंबेल शेजारणीच्या कोपरावर बसलं. साळवेबाईंनी शिट्टी मारली.

"छगन, बंद कर ते."

छगन हा नेवाशातला लाऊडस्पीकरवाला. लग्न असो, बारसं असो की निवडणूक, कर्णे बांधायला तोच. कॅसेटी आल्यापासून त्याचा रेकॉर्ड प्लेअर फळीवर धूळ खात पडला होता, तो त्याने बाईंच्या शब्दाखातर खाली काढला होता. त्याने सुई उचलली आणि रेकॉर्डच्या मधल्या कागदावर बोट ठेवलं. तिथे पंचेचाळीस, म्हणजे मिनिटाला पंचेचाळीस फेरे, असं लिहिलं होतं आणि आपण पंचेचाळीसवरच लावली आहे, असं त्याचं म्हणणं पडलं.

बाई म्हणाल्या, "एवढी मोठी रेकॉर्ड कधी पंचेचाळीसवर असते का? पंचेचाळीसच्या छोट्या असतात. तेहेतीसवर लाव."

"पन छापलंय हितं."

"छापणाऱ्याने आपल्या पोरी बघितल्यात का?"

छगनने खटका सरकवला. कर्ण्यातून आता निघालेला आवाज अंगाने भारी होता आणि चालीने सावकाश. ढुम्, ढुम्, ढुम्, ढुम्. मधूनच पत्र्यावर हरभरे सांडावेत तशी एक खडखड, आणि खालून लांबलचक घुमारा. गाणं नाही, पेटी नाही, शब्द तर औषधालाही नाही. पण ‘एक’ला हात वर गेले ते ‘दोन’ला नेमके खाली आले, आणि ‘चार’ला सगळी डंबेल्स अशी एकदम वाजली की लिंबावरचे कावळे उडाले. कुठल्या तरी परदेशी कारागिराने धावायला म्हणून केलेला ठेका नेवाशात येऊन चालायला लागला होता, आणि त्यात आपण काही चूक करतो आहोत, अशी शंकासुद्धा कुणाला आली नाही.

ही रेकॉर्ड आणली होती भीमराजने. भीमराज हा यशोधरा साळवेबाईंचा धाकटा भाऊ, शिर्डीला टॅक्सी चालवायचा. दिवाळीच्या सुमाराला त्याने एका केसाळ गोऱ्याला पुण्याला सोडलं. गोऱ्याजवळ कपड्यांपेक्षा रेकॉर्डीच जास्त. तो गोव्याला चालला होता, तिथे त्याचे दोस्त समुद्राकाठी नाचणार होते. वाटेत दोघांची गट्टी जमली आणि उतरताना त्याने त्यातली एक रेकॉर्ड भीमराजच्या हातात ठेवली. वर चित्र नाही, नाव नाही, नुसतं पांढरं पाकीट आणि त्यावर निळा शिक्का. हे संगीत तळघरात तयार होतं, तळघरातच लोक त्यावर नाचतात, मोजक्याच रेकॉर्डी निघतात, आणि ही तर एक जुनी, लोकांनी मागून मागून पुन्हा काढायला लावलेली आहे, अशी हकिगत भीमराजने घरी येऊन सांगितली. त्याला इंग्रजी किती कळलं आणि पदरचं किती घातलं, ते तो आणि तो गोराच जाणे.

त्या दोघांचे वडील, सोपान आबा, ओट्यावर बसून ऐकत होते. त्यांनी विचारलं, "तळघरात कामून? उघड्यावर वाजवाया बंदी हाय का त्यांला?"

"पोलीस येत्यात म्हनं."

"मग काय तरी खरं आसंल त्यात," आबा म्हणाले आणि अडकित्ता हातात घेतला.

वाजवण्याशी आबांचं नातं अवघड होतं. नदीपलीकडच्या खेड्यात त्यांच्या घराकडे हलगीचं काम होतं. कुणाची वरात निघो, कुणाची मयत, हलगी घेऊन पुढे चालायचं आणि कार्य आटोपलं की मागे, लांब उभं राहायचं. छप्पन साली आबा ऐन विशीत होते. धम्म घेतल्यावर वस्तीने गावकीची सगळी कामं सोडली, त्यात हलगीही गेली. आबांनी आपल्या हाताने तिचं कातडं फाडलं, कडं नदीत भिरकावलं, आणि या घरातला हात पुन्हा कातड्यावर पडायचा नाही असं बोलून साखर कारखान्यात कामाला लागले. त्यांच्यासारखा हात पंचक्रोशीत नव्हता, असं जुनी माणसं अजून सांगायची. आबांसमोर मात्र कुणी सांगत नसे.

मुलगी शिकून खेळाची शिक्षिका झाली, कन्याशाळेत लागली, तेव्हा याच आबांनी गल्लीभर पेढे वाटले होते. पहिल्या सव्वीस जानेवारीला ते कोट घालून मैदानावर गेले. बघतात तर खुर्च्यांवर साहेब मंडळी बसलेली आणि त्यांच्यासमोर आपली लेक गळ्यात ढोल अडकवून कवायतीला ठेका देते आहे. कवायत संपायच्या आतच आबा घरी निघून आले.

संध्याकाळी ते एवढंच म्हणाले, "म्या ज्ये सोडून आलो, त्ये तू गळ्यात घालून हुबी राह्यलीस."

"आबा, मी कुनाच्या वरातीम्होरं न्हाई वाजवत. पोरी माज्या ठेक्यावर चालत्यात."

"बघनाऱ्याला त्ये कुटं दिसतं, यशा?"

त्यानंतर आबा कधी त्या मैदानावर फिरकले नाहीत. एरवी बापलेकीत काही वाकडं नव्हतं. तिच्या सायकलचं पंक्चर तेच काढून आणायचे, खोखोत शाळा जिंकली की सगळ्या आळीला सांगत सुटायचे. फक्त सव्वीस जानेवारी जवळ आली की त्यांना परगावचं काम आठवायचं. यशोधराला याचं फार वाईट वाटे. ढोल तिला मनापासून आवडायचा, म्हणून तर जास्तच वाटे. आपले हात कुणाकडून आले आहेत, हे तिला चांगलं ठाऊक होतं, आणि ज्याच्याकडून आले त्यानेच कधी बघायचं नाही म्हणजे काय?

म्हणून भीमराजची रेकॉर्ड तिने पहिल्यांदा ऐकली तेव्हा तिच्या मनात कवायत नंतर आली, आधी आबा आले. ठेका मशीन देईल. आपण शिट्टी घेऊन समोरच्या चौथऱ्यावर उभं राहायचं. मग तर आबांना यायला हरकत नाही.

मुख्याध्यापक शेटे सरांना ही कल्पना मुळीच रुचली नाही. कवायत आता कोण बघतं, बाकीच्या शाळा सिनेमाच्या गाण्यांवर नाच बसवतात, आपणही बसवू, असा त्यांचा लकडा होता. शेवटी, या वर्षी कवायत रंगली नाही तर पुढच्या वर्षापासून नाच, असं ठरलं. बाईंनी ते कबूल केलं. कबूल केल्यावर रात्री झोप लागली नाही, ते वेगळं.

सरावात एकच खोड निघाली. नदीकाठच्या पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज उतरायचं आणि रेकॉर्ड रेंगाळायची. बाईंनी त्यावर तोड काढली. मधल्या कागदावर बोटाचं टोक ठेवून रेकॉर्ड हलकेच पुढे रेटायची, फार पळाली तर जरा दाबून धरायची. छगनलाही त्यांनी ते शिकवलं. पण छगनचं बोट नेहमी अर्धा ठेका उशिरा पोचायचं. वायरींत जन्म गेलेला माणूस, त्याला कानाचं काम कुठून जमणार?

सव्वीस जानेवारीच्या आदल्या दिवशी तिने आबांना सांगितलं, "या साली ढोल न्हाई, आबा. मशीन वाजनार."

"मशीन कोन वाजवनार?"

"छगन."

सकाळी झेंडावंदनाला आबा कडक इस्त्रीचा सदरा घालून फाटकापाशी हजर होते. यशोधराने लांबून बघितलं आणि तिचा जीव सुपाएवढा झाला. छगनने त्यांना आपल्या टेबलाशेजारी स्टुलावर बसवलं.

झेंडा झाला, भाषणं झाली, तहसीलदारसाहेब खुर्चीत रेलले. बाई चौथऱ्यावर चढल्या आणि त्यांनी शिट्टी दिली. कर्णे घुमले. ढुम्, ढुम्, ढुम्, ढुम्. मैदानभर डंबेल्स वर गेली, खाली आली, वाजली. पहिल्या प्रकारालाच बायाबापड्या पुढे सरकल्या. मध्ये व्होल्टेज जरा उतरलं, छगनने बोट लावलं, आणि आबा वाकून ते बोट बघत राहिले. यशोधराला सगळं दिसत होतं. आबा आले होते आणि बसले होते. तिला चौथऱ्यावर उभ्या उभ्या हसू फुटायला लागलं.

आणि लाईट गेली.

कर्ण्यातला आवाज म्हशीने सुस्कारा टाकावा तसा खाली खाली जाऊन संपला. पोरी मात्र थांबल्या नाहीत. शिट्टी झाल्याशिवाय हात थांबवायचे नाहीत, असं बाईंनीच त्यांना शिकवलं होतं. हात वर, खाली, आणि ‘चार’ला डंबेल्सचा आवाज. दोन वेळा एकत्र वाजली. तिसऱ्या वेळी मागच्या ओळी मागे पडल्या.

शेटे सरांनी शिपायाला पिटाळून ढोल आणवला होता. तो त्यांनी स्वतः बाईंच्या हातात कोंबला. "बाई, वाजवा लवकर. साहेब बघताहेत."

बघणाऱ्यांचीच आठवण सरांनी नेमकी आत्ता करून द्यावी? बाई ढोलाचा पट्टा हातात धरून उभ्या राहिल्या. गळ्यात घातला तर आबा उठून जाणार, आणि नाही घातला तर या पोरींची महिन्याभराची मेहनत मातीत. तिकडे ‘चार’चा आवाज आता तीन तुकड्यांत वाजत होता. चौथ्या ओळीत रश्मी नावाची एक पोर रडवेली होऊन बाईंकडे बघत होती, पण हात तिचेही चालूच होते.

आबा स्टुलावरून उठले. यशोधराने मान खाली घातली. वर बघितलं तेव्हा आबा फाटकाकडे गेलेले नव्हते. चुन्याची रेघ ओलांडून, साहेबांच्या खुर्च्यांसमोरून, ते सरळ तिच्यापाशी आले होते.

"पोरी फुटाया लागल्या, यशा."

"आबा, मी..."

"तुज्याबिगर त्यांला कोन धरनार? घाल गळ्यात."

ढोलाला त्यांनी हात लावला नाही. ती पट्टा डोक्यातून घालेपर्यंत मात्र समोर उभे राहिले, मग आले तसे परत गेले.

यशोधराने टिपरू उचललं. पहिल्या ठोक्याला मागची ओळ सावरली, दुसऱ्याला डावी बाजू, आणि चौथ्याला सगळ्या मैदानावर डंबेल्स एकदम कडाडली. तिने आयुष्यात इतका मोकळा ढोल वाजवला नव्हता. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला हात रिकामा नव्हता.

दोन प्रकार तसे झाले आणि लाईट आली. सुई रेकॉर्डवरच राहिली होती, त्यामुळे कर्णे घशातून आवाज काढत जागे झाले आणि भलत्याच ठिकाणी ठोके देऊ लागले. ढोल एकीकडे, रेकॉर्ड दुसरीकडे. पोरी गोंधळून बाईंकडे बघू लागल्या. छगन सुई उचलायला धावला, तर आबांनी त्याचा हात बाजूला केला.

आबांनी आपलं बोट रेकॉर्डच्या कागदावर ठेवलं. ते रेकॉर्डकडे बघत नव्हते. त्यांची नजर लेकीच्या हातावर होती. आधी त्यांनी रेकॉर्ड थोडी पुढे रेटली, ती जास्त झाली तशी दाबून धरली, पुन्हा सैल सोडली. यशोधराला कळलं, आपण हलायचं नाही. आपण ठेका धरून ठेवायचा, आबा येतील. ती डोळे न मिटता वाजवत राहिली, आणि कर्ण्यातला ठोका ढोलाच्या मागे आला, शेजारी आला, आणि एका क्षणी दोन्ही मिळून एकच झाला. पायाखालची जमीन हलल्यासारखी वाटली. पोरींनी ‘चार’ वाजवला तेव्हा बघायला आलेल्या बायकांनीही टाळ्या त्याच ठेक्यावर दिल्या. तहसीलदारसाहेबांचा बूटसुद्धा हलत होता म्हणतात, पण हे छगनचं सांगणं, आणि तिखटमीठ लावण्यात छगन भीमराजच्याही वरचा.

शेवटच्या शिट्टीनंतर बराच वेळ टाळ्या चालल्या. शेटे सर येऊन नुसते "बरं का, बाई" म्हणाले आणि पाहुण्यांना चहाला घेऊन गेले. नाचाचा विषय त्यांनी काढला नाही, तो पुढच्या वर्षीही निघाला नाही.

मैदान रिकामं होऊ लागलं. छगन वायरी गुंडाळायला निघाला, तेव्हा आबांनी त्याला विचारलं, "ह्येच्या दुसऱ्या अंगाला काय हाय?"

काय आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. दुसरी बाजू आजवर कुणी वाजवलीच नव्हती.

"लाव की मग. घाई काय हाय?"

छगनने रेकॉर्ड उलटली. या बाजूचा ठेका आणखी सावकाश होता, त्याच्या मध्ये मध्ये मोकळ्या जागा होत्या. आबा स्टुलावर बसले, डोळे मिटले. थोड्या वेळाने त्यांचं एक बोट मांडीवर वाजायला लागलं. मग दुसरं. मग पंजा उघडला आणि त्या मोकळ्या जागांमध्ये भराभर काहीतरी भरू लागला.

यशोधरा त्यांच्याकडे पाठ करून डंबेल्स पोत्यात भरत होती. तिला ऐकू येत होतं. तिने वळून बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर तो हात थांबला असता.