कापडाची कात्री

घरात त्याला पंडित म्हणत आणि त्यात कौतुक नावालाही नव्हते. चाळीस वर्षे त्याने जुन्या हस्तलिखितांतले पाठभेद जुळवले होते. एक अक्षर वगळायचे तर तीनदा थांबणारा माणूस. अशाच्या हाती छाटणीची कात्री आली, ती धाकट्या भावाच्या गाडीमुळे. ती गाडी अजून विकत घेतलेली नव्हती.

नसलेल्या गाडीसाठी जागा करणे याला धाकट्याच्या शब्दांत दूरदृष्टी म्हणत. त्या जागेवर एकतीस वर्षे आईचे अनंताचे झाड उभे होते, हा तपशील. आईने आयुष्यभर पुढच्या खोलीत शिवणाचे दुकान चालवले. हा अनंत तिने एका गिऱ्हाइकाकडून फांदी आणून दारात लावला, आणि तो छातीएवढा उंच, दोघांच्या कवेत न मावणारा झाला. आता खुबा मोडून आई मागच्या खोलीत खिडकीला लागून पडून होती. काँक्रीटची गोष्ट निघाली तेव्हा तिने एकच अट घातली होती, "अनंत माझ्या खिडकीखाली आणा, मग पुढे काय हवं ते ओता. तो तिकडे रुजला तर मीही इकडे रुजेन."

हे वाक्य पंडिताने मनात अधोरेखित करून ठेवले, आणि त्याची झोप उडाली.

माळ्याची रीत साधी होती. बुंध्याभोवती आधी अर्धे वर्तुळ खणून तिथली मुळे तोडायची, चर खताने भरायचा आणि दोन महिने थांबायचे. तिथे नवी तंतुमुळे फुटली की उरलेले अर्धे तोडायचे, आणि मग उचलायचे. धाकट्याने दोन महिने कबूल केले. पाचव्या आठवड्यात तो म्हणाला, "दादा, गवंडी सोमवारी येतोय. त्याला दुसरी तारीखच नाही."

"आणि झाडाला आहे?"

"झाडाला काय, ते कुठं जाणार आहे?"

झाड गेले, मागच्या अंगणात, आईच्या खिडकीखाली. मातीचा गोळा गोणपाटात बांधून चौघांनी ओढत नेला. सूर्याकडची बाजू चुकू नये म्हणून माळ्याने एका फांदीला लाल दोरा बांधला होता. खड्डा बुजवून त्याने हात झटकले.

"सर, मुळं निम्मी गेली. आता वरचंही निम्मं गेलं पाहिजे. आजच्या आज. एवढी पानं पाणी मागणार, पाजणार कोण?"

"मी करतो."

"नक्की?"

"यावर मी सतरा पुस्तकं वाचलीत."

"म्हणून तर विचारतोय."

झाडावर त्रेचाळीस कळ्या होत्या. पंधरा दिवसांत उमलल्या असत्या, आईच्या डोळ्यांसमोर. पंडिताने फांद्यांची टोके तेवढी खुडली. संहितेतले स्वल्पविराम वगळावेत आणि तिला संक्षिप्त आवृत्ती म्हणावे, तसे.

तिसऱ्या दिवशी पाने लोंबली. चौथ्या दिवशी कडा तपकिरी झाल्या. पंडिताने नखाने साल खरवडली. आत हिरवे होते, म्हणजे जीव होता. तासाभराने पुन्हा खरवडून पाहिले. दुपारपर्यंत एकाच फांदीवर सात जखमा झाल्या.

"दादा, हे उन्हानं नाही, तुझ्या नखांनी मरेल," धाकटा म्हणाला.

"तू जा, तुझी ती नसलेली गाडी पुसून घे."

मग त्याने आईच्या खिडकीचा पडदा ओढला. विद्वत्तेचा एवढाच उपयोग उरला होता.

"पडदा सरकव," आई म्हणाली.

"ऊन येतं गं डोळ्यांवर."

"डोळे माझे आहेत. सरकव."

बिघडलेला कपडा कुणी दुरुस्तीला आणावा, तसे तिने झाडाकडे पाहिले. "कापायला भ्यालास."

"कळ्या आहेत, आई. तुझ्यासाठी ठेवल्या."

"माझ्यासाठी झाड ठेवायचं होतंस. कपाटातली माझी कात्री आण."

तो जागचा हलला नाही. काळ्या मुठीच्या त्या वजनदार कात्रीने कापडाखेरीज काहीही कापायचे नाही, हा घरातला एकमेव कायदा होता. कागद लागला तरी धार जाते. सातव्या वर्षी त्याने त्या कात्रीने नकाशा कापला होता. धपाटा तो विसरला होता. नंतरचा आईचा दिवसभराचा अबोला मात्र आजही तोंडपाठ होता.

"छाटणीची कात्री आहे की आपल्याकडे."

"ती तुझ्या हातात चार दिवस आहे."

त्याने कात्री आणली. आई खिडकीतून सांगू लागली, तो बाहेर उभा.

"डावीकडची. तुझी डावी नाही, माझी. पेराच्या वर धर. हं."

"हिच्यावर सहा कळ्या आहेत."

"मलाही मोजता येतं. काप. भिऊन चालवलेली कात्री वाकडी जाते. ती जाड राहू दे, तिला करवत घे."

तासाभराने गुडघ्याएवढा सांगाडा उरला. आईने कात्री मागून घेतली, फडक्याने चीक पुसला आणि चादरीच्या काठावर चालवून पाहिली. कापड कापले गेले नाही, पात्यांत दुमडले. कात्री तिने उशाखाली ठेवली. पंडिताने कळ्या पेल्यात घातल्या होत्या. त्यातली एकही उमलली नाही.

अकरा दिवस काहीच घडले नाही. त्याला नख लावायची बंदी होती. तो अंगणात हात पाठीमागे बांधून उभा राही. बाराव्या सकाळी, लाल दोऱ्याच्या खाली, मोहरीएवढे हिरवे टोक दिसले. चष्मा पुसून त्याने ते पुन्हा पाहिले, आणि मगच तो आत गेला.

"आई, फुटलंय."

"मी उजाडताच पाहिलं. तुला कधी दिसतंय, ते बघत होते." तिने उशाखालून कात्री काढून मुठीकडून त्याच्यापुढे धरली. "घे. आता कागदाला वापर."

"मी धार लावून आणतो ना."

"कशाला? मी काय शिवणार आहे आता?"

लांबी-रुंदी सांगावी इतक्या सरळपणे ती हे म्हणाली. त्याच्या हातातली कात्री एकाएकी जड झाली. "पण तू म्हणाली होतीस, तो तिकडे रुजला तर..."

"म्हणाले होते. मोडत नाही शब्द." तिने कोपर गादीत रोवले आणि अंग वर रेटले. "उशी लाव पाठीला. आणि माझ्याकडे असा बघू नकोस. नखानं खरवडशील."