टेकडीवरचं कुंकू

कमलने पाण्याचा कॅन खाली आपटला, पदर कमरेला खोचला आणि ती गरगरणाऱ्या पात्यासमोर जाऊन उभी राहिली. गवत कापणाऱ्या धनेशने घाबरून मशीन बंद केलं.

"मावशी, पाय जाईल ना!"

"जाऊ दे. त्याआधी तुझ्या मुकादमाला बोलाव."

शीवच्या या टेकडीवर दसऱ्यानंतर गवत छातीला लागतं. ऊन चटके देतं, पण वाऱ्याला पिकल्या गवताचा वास असतो, आणि कुसळं साडीला अशी चिकटतात की घरी जाऊन तासभर वेचत बसावं. कमलला ते वेचणंही आवडायचं. करी रोडच्या चाळीतली तिची खोली दहा बाय बाराची, आणि समोर आता टॉवर. डोळ्यांना लांबवर बघायची सवय राहावी म्हणून ती दर रविवारी इथे यायची. पायथ्याशी 'संरक्षित क्षेत्र' अशी पाटी होती, पण पाट्या वाचायला वेळ कुणाला आहे! जुलैत झाडं लावायला शंभरेक माणसं टी-शर्ट घालून आली आणि रोपांपेक्षा फोटोच जास्त काढून गेली. ऑक्टोबरात पाणी घालायला उरल्या दोघी, कमल आणि परळची मार्गारेट.

गेल्या वर्षी सगळी रोपं गवताबरोबर मशीनखाली गेली होती. यंदा अडतीस जगली. कमलने घरातलं जुनं लाल लुगडं फाडून प्रत्येक रोपाला चिंधी बांधली होती. आज येऊन बघते तर एकही चिंधी जागेवर नाही.

"त्या चिंध्या होय?" विकास मुकादम घाम पुसत वर आला. "कचरा म्हणून काढल्या गुरुवारी. उद्या इथे पाहुणे येतायत मावशी, मला टेकडी एकदम गुळगुळीत पाहिजे."

"तुझं डोकं कर गुळगुळीत. रोपांना हात लावायचा नाही."

"दिसायला तर पाहिजेत ना रोपं! गवतात काय भिंग घेऊन शोधू?"

धनेशने खाकरून घसा साफ केला. "साहेब, वरच्या अंगाला मी तसंपण मशीन नाय चालवणार. तिकडे देव हाय."

"देव? कधीपासून?"

सगळे वर चढले, कमलबरोबर आलेली मार्गारेटही. करंजाच्या रोपाजवळ एक काळा दगड होता. माती वाहून जाऊ नये म्हणून तो श्रावणात कमलनेच ढकलत आणला होता. आज त्याला हळदकुंकू लावलेलं होतं, वर झेंडूची दोन फुलं होती. आणि दगडाच्या मागे, गवतात, अंगठ्याएवढी उरलेली एक मेणबत्ती.

कमलने वळून पाहिलं. मार्गारेट अगदी मन लावून आभाळातली घार बघत होती.

पायातला काटा काढल्यासारखं करून कमल वाकली आणि मेणबत्ती तिने मुठीत घेतली. ही जर विकासच्या नजरेला पडली असती, तर कुणी लावली आणि का लावली यावरून टेकडी पेटायला वेळ लागला नसता.

विकासने मात्र चपला काढून हात जोडले. त्याचा चेहराच सैल झाला. "आधी सांगायचं ना मावशी! वरची सगळी बाजू सोडतो. देवाच्या जागेतलं गवत कोण कापणार?"

अडतीसच्या अडतीस रोपं वरच्याच बाजूला होती. कमलने फक्त मूग गिळून गप्प बसायचं होतं.

तिच्या चाळीमागे पूर्वी मोकळी जागा होती. पोरं लगोरी खेळायची, बाया पापड वाळत घालायच्या. एका सकाळी तिथे असाच एक दगड दिसला. मग चौथरा आला, पत्रा आला, लाद्या आल्या, घंटा आली, शेवटी कुलूप आलं. आता पापड वाळत घालायला जागा नाही. कमलचं देवाशी भांडण नव्हतं, देवाच्या नावाने पत्रे ठोकणाऱ्यांशी होतं, आणि ते ती अजून विसरली नव्हती.

तिने पदराचं टोक कॅनमधल्या पाण्यात बुडवलं आणि दगड खसाखसा पुसून काढला. धनेशने कानाला हात लावले.

"हा दगड मी आणलाय. माझा देव घरी आहे, त्याला रोज दिवा लावते. इथे झाडं आहेत. झाडं म्हणून सोडणार असशील तर सोड."

"अहो, वेड लागलंय का तुम्हाला? सोडत होतो ना मी! आता मला कापावंच लागेल."

"काप की. गवत कापायला कोण नाही म्हणतंय? मी पुढे चालते, याने मागून यायचं. मी थांबले की पातं थांबलं पाहिजे."

"अख्खा दिवस जाईल!"

"जाऊ दे."

"मी वर फोन करतो."

"कर. नावही सांग. कमल तांडेल, करी रोड."

विकासने फोन कानाला लावला. तिकडून कुणी उचलला नाही.

कमल गवतात शिरली. चिंध्या नव्हत्या, पण तिला त्यांची गरजही नव्हती. करंज, तिथून चार पावलांवर बहावा, खडकाच्या सावलीत आपटा. मशीन पाठीमागे घरघरत होतं, पोटऱ्यांवर गवताचे तुकडे उडत होते. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मार्गारेट बाजूने चालत प्रत्येक रोपाभोवतीचं गवत दोन्ही हातांनी बाजूला धरत होती. नवव्या रोपाशी कमल थांबायच्या आधीच मशीन थांबलं.

"दिसलं मावशी," धनेश म्हणाला आणि पाणी प्यायला बसला.

कमलने मार्गारेटसमोर मूठ उघडली.

"कुंकू का लावलंस ते समजलं. ही कशाला?"

मार्गारेटने मान खाली घातली. "लोकांना फसवायला कुंकू पुरलं असतं ग. पण मला खरंच मागायचं होतं."

कमलच्या तळहाताच्या उबेने मेण मऊ पडलं होतं. पदराच्या ज्या टोकाने तिने दगड पुसला होता, त्याच लालसर ओल्या टोकात तिने मेणबत्ती ठेवली आणि गाठ घट्ट मारली.

"ऊठ रे," ती धनेशला म्हणाली. "एकोणतीस राहिलीत."